‘ळ’ नसलेला कळफलक

३ मार्च, मंगळवार

फोन आपटला दादाने. माझ्या तोंडावर! "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही, छोटी," म्हणे. सत्तेचाळीस वर्षांची घोडी झालेय मी. छोटी!

विषय तोच. बाबांना ‘तिकडे’ ठेवायचं. तिकडे म्हणजे त्याच्या शहरातला वृद्धनिवास. नर्सा आहेत, व्यायाम करून घेणारे आहेत, जेवायला मोठा हॉल आहे. फोटो पाठवलेत त्याने — ओळीने खुर्च्या आणि त्यात म्हातारे. मी म्हटलं, टाकून द्यायचंय असं सरळ म्हण ना! तर म्हणे, "एकदा त्यांना विचार तरी."

विचारायचं काय त्यात? तुम्हाला घराबाहेर काढू का, असं कुणी बापाला विचारतं?

बाबांना अर्धांगाचा झटका आला त्याला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोकं मात्र शाबूत. डॉक्टर निक्षून म्हणाले होते, "त्यांना सगळं कळतं, लक्षात ठेवा." लक्षात आहे माझ्या. उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं — सगळं मी करतेय. शिवण-कारखान्यातलं नमुने कापायचं काम घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला, त्यांच्यासाठीच. आणि हा तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकतोय.

अक्षर बघ कसं आलंय. रागाने पेन कागदातून आरपार गेलंय.

४ मार्च

आता हे नवीन! टॅब बंद पडला.

दादानेच घेऊन दिला होता. त्यात चित्रं होती — पेला, उशी, खिडकी, दुखणारं पोट. बाबांनी डाव्या बोटाने चित्र दाबलं की त्यातली बाई बोलायची, "पाणी हवं". फार काही नव्हतं, पण निभत होतं. आज चालू केला तर एकच पाटी: खात्याची पुन्हा खात्री करा. खातं दादाच्या नावावर. पासवर्ड दादाकडे. फोन लावला — उचलत नाही. निरोप पाठवला — वाचला, उत्तर नाही.

म्हणजे भांडण माझ्याशी आणि तोंड बंद बाबांचं! वा रे लेका!

६ मार्च, शुक्रवार

आलं उत्तर. "कंपनीनेच जुन्या टॅबवर ते बंद केलंय. नवा घ्यावा लागेल. महिनाअखेरीस बघतो." वर हात जोडल्याचं चित्र.

महिनाअखेरीस! तोवर बाबांनी काय करायचं? तहान पुढच्या महिन्यासाठी राखून ठेवायची?

आणि ही कंपनी. चांगलं चाललेलं यंत्र एका सकाळी उठून बंद करतात. आपण विकत घेतलेली वस्तू आपली नसतेच म्हणजे! मी उद्या गिऱ्हाईकाला शिवून दिलेला सदरा त्याच्या अंगावरून उतरवून घेतला तर चालेल का?

८ मार्च, रविवार

पुठ्ठ्यावर मुळाक्षरं लिहून बघितली. मी एकेका अक्षरावर बोट ठेवायचं, बाबांनी मान हलवायची. ‘म’ आलं. मग ‘ल’. मग काना की ‘ल’लाच काही, ते कळेना. मी म्हटलं, मलई? मलम? मळमळतंय? बाबांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा पहिल्यापासून. मला कापायचे नमुने पडले होते, दुपारी माणूस न्यायला येणार होता. मी म्हटलं, बाबा, नंतर बघू हं. त्यांनी पुठ्ठा डाव्या हाताने ढकलून दिला. सरळ पलंगाखाली गेला.

माझ्यावर कसले चिडता! मी काय केलंय?

टीव्ही लावून दिला त्यांना. तेवढाच विरंगुळा. दिवसभर चालूच असतो.

९ मार्च

क्लिनिकला नेलं. वाचाताईला — बोलायला शिकवणारी मुलगी, हे नाव मीच ठेवलंय — टॅबचं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्याकडे एखादा जुना लॅपटॉप आहे का?" आहे. माळ्यावर. कासवासारखा चालायचा म्हणून बांधून ठेवलेला. तोही एक दिवस म्हणाला होता की हे यंत्र नव्या आवृत्तीसाठी योग्य नाही.

तर म्हणे, "त्यावर लिनक्स टाका, यंत्र चालवणारी वेगळी प्रणाली असते. फुकट आहे, कुणाच्या परवानगीचं काम नाही. जुन्या यंत्रावर मस्त चालतं. त्यावर एक छोटा प्रोग्राम मिळतो. पडद्यावर अक्षरांच्या ओळी एकेक करून उजळत जातात. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं, मग ओळीतलं हवं ते अक्षर आलं की पुन्हा दाबायचं. एक बटण पुरे. बाबांचं डावं बोट तेवढं नक्की करील."

मी म्हटलं, द्या मग टाकून! तर हसून म्हणाली, "मला नाही हो येत. पण सोपं असतं म्हणे."

सोपं असतं म्हणे! ज्याला येत नाही त्याला सगळं सोपं.

११ मार्च, बुधवार

लिनक्सची फाइल भली थोरली. फोनवर उतरेना. कारखान्यात नमुने छापायच्या कॉम्प्युटरवर उतरवली. मालकीणबाई मागे येऊन उभ्या. "काय गं, काय आणतेस त्यात? रोग नको हं आणूस." मी म्हटलं, वडिलांच्या औषधाचं आहे. खोटं कुठे आहे!

पेन ड्राइव्हवर घेतली, घरी येऊन लॅपटॉपला लावली. काही नाही. तोच जुना निळा पडदा, तेच गोल गोल फिरणं. चार वेळा बंद-चालू केला. नेटवर विचारलं. एकाने लिहिलं, "नवीन लोकांसाठीचं पान आधी वाचा." दुसऱ्याने लिहिलं, "वाचलंत तर कळेल." तिसऱ्याने नुसता हसरा चेहरा टाकला.

मेल्यांनो, वाचायला वेळ असता तर विचारलं असतं का?

१२ मार्च

वाचलं ते पान. फाइल नुसती नेऊन ठेवायची नसते, एका वेगळ्या साधनाने पेन ड्राइव्हवर ‘लिहायची’ असते. कापडावर कागदी नमुना ठेवला म्हणजे सदरा होत नाही, तसं. हे एका वाक्यात सांगायला त्या तिघांच्या बापाचं काय जात होतं?

पुन्हा कारखाना. पुन्हा मालकीणबाई.

१४ मार्च, शनिवार

खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई लिनक्सच वापरतात! इतकी वर्षं एका जिन्याने चढतो-उतरतो, पत्ता नाही. गणित शिकवायच्या, आता निवृत्त. मी कारखान्यात जाते तेव्हा बाबांपाशी येऊन बसतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक बातमीवर कुणाला तरी शिव्या घालतात. बाबांना त्रास होत असणार, पण दुसरं कोण येणार?

आज पेन ड्राइव्ह बघून म्हणाल्या, "अगं, हे तर माझ्याकडे कधीपासून आहे." मी अक्षरशः हात धरला त्यांचा. म्हटलं, चला, द्या लावून. तर खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसल्या.

"मी हात लावणार नाही."

"का?"

"मी लावलं की बिघडल्यावर तू मला हाक मारशील. तू लावलंस की तू स्वतःला शिव्या देशील. त्यातून माणूस शिकतो."

तळपायाची आग मस्तकात गेली. इथे बापाचं तोंड बंद आहे आणि ह्यांना शिकवणी सुचतेय! पण दुसरा इलाज नव्हता. लॅपटॉप चालू होताना एक कळ दाबायची असते, ती नेमक्या वेळी. लवकर दाबली तर ऐकत नाही, उशिरा दाबली तर गाडी सुटली. दाबतेय, चुकतेय, दाबतेय, चुकतेय. शेवटी मी त्या लॅपटॉपला असली शिवी दिली की मास्तरीणबाईंनी चष्मा काढला.

आणि खुर्चीतून आवाज आला. खर्रर — घशातून. वळून बघते तर बाबा हसत होते! तोंडाची डावी बाजू वर गेलेली, डोळ्यांतून पाणी. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतरच्या खेपेला कळ बरोबर लागली.

१५ मार्च, रविवार

आधी नुसतं बघता येतं. पेन ड्राइव्हवरूनच चालतं, आतल्या कशाला धक्का लागत नाही. स्वच्छ पडदा, खाली चार चिन्हं. आणि चपळ! तोच लॅपटॉप, ज्याला मी कासव म्हणत होते. म्हणजे म्हातारा तो नव्हताच, त्याच्या पाठीवरचं ओझं जास्त होतं.

मग कायमचं बसवायचं. आईचे फोटो आधी काढून घेतले. मास्तरीणबाई घडी न सोडता, "सगळं काढलंस? नक्की? पुन्हा बघ." पुन्हा बघितलं. मग पाटी आली: डिस्क पूर्ण पुसून टाकायची? नंतर परत मिळणार नाही.

बोट पुढे जाईना. तेवढ्यात टक-टक. बाबा खुर्चीच्या हातावर डाव्या बोटाने मारत होते. बाजारातली जुनी सवय. घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे ते, सगळी हयात. कुणी फार वेळ विचार करत बसलं की असंच टक-टक करायचे, आणि गडगडाट करायचे — "घ्यायचं तर घे, नाहीतर बाजूला हो!" चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जायचं.

दाबलं.

१७ मार्च

वाय-फाय नाही! बसवलं छान, दिसतंय छान, आणि वाय-फायचं यंत्र ओळखतच नाही. म्हणे त्याचा चालक, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्यायला नेट लागतं. विहिरीतून पाणी काढायला दोर हवा, आणि दोर विहिरीत!

१८ मार्च

फोन तारेने लॅपटॉपला जोडला की फोनचं नेट मिळतं. हे मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. "मग कालच का नाही सांगितलंत?" "काल तू विचारलं कुठे? काल तू नुसती ओरडत होतीस."

पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची, मग ती पासवर्ड मागते. मी टाइप करतेय — काही उमटत नाही. एक अक्षर नाही, ठिपका नाही. कळफलक मेला म्हटलं! ठोकला त्याला. उलटा करून झटकला, त्यातून पोळीचा चुरा पडला. मास्तरीणबाई हसू दाबत म्हणाल्या, "ते दिसत नाहीच. टाइप करून एंटर मार." मारला. चालला.

न दिसता चालतं म्हणे! ज्याने कुणी हे केलंय त्याला माझ्यासमोर उभा करा एकदा.

पण वाय-फाय आलं. एकटीनेच टाळी वाजवली.

२० मार्च, शुक्रवार

आवाज आला! एक ओळ लिहायची आणि यंत्र ती मराठीत म्हणतं. मी लिहिलं, "बाबा, ऐकू येतंय का?" डब्यात तोंड घालून बोलावं तसा आवाज. पुरुष आहे की बाई, कळत नाही. चढ नाही, उतार नाही. बाबांनी असं तोंड केलं, जणू कुणी बोहनीच्या वेळी सडका माल पुढे केलाय!

आवडो न आवडो, बाबा, हाच आहे.

२१ मार्च

‘ळ’ नाही.

त्या ओळी उजळवणाऱ्या प्रोग्राममध्ये मराठी आहे म्हणून लिहिलंय. लावला. अ आ इ ई, क ख ग घ, सगळं ठीक. ‘ळ’ नाही! कुणीतरी हिंदीचा तक्ता उचलून त्याला मराठी नाव दिलंय. आता बाबा ‘वेळ’ कसं म्हणणार? ‘कळलं’ कसं म्हणणार? ‘जवळ’, ‘सगळं’, ‘गोळी’, ‘डोळा’? कळा येतायत हे सांगायला आधी ‘ळ’ यायला हवा ना!

आणि आत्ता लख्ख पडला प्रकाश. त्या दिवशी पुठ्ठ्यावर मीही ‘ळ’ लिहायचा विसरले होते. घाईत!

ह्यावर काही लिहायचं नाही मला.

२२ मार्च, रविवार

मास्तरीणबाईंना म्हटलं, आता कुणाकडे तक्रार करायची? ग्राहक सेवा कुठे आहे ह्यांची? त्या म्हणाल्या, "कुणीच नाहीये गं पलीकडे. कुणीतरी घरी बसून केलंय, करून ठेवलंय आणि गेलंय. फाइल उघडी आहे. जा आत आणि घाल तुझा ‘ळ’."

"मी?"

"मग कोण? ‘ळ’ तुला हवाय."

राग आला. पण त्या रागानेच उघडली फाइल. आत काय? साधी यादी! अक्षरं, स्वल्पविराम, अक्षरं. इतकी वर्षं मला वाटायचं कॉम्प्युटरच्या आत काहीतरी भयंकर असतं. हे तर माझ्या नमुन्याच्या कागदासारखं — इथे खूण, तिथे खूण. ‘ह’च्या पुढे ‘ळ’ घातला. जतन केला. प्रोग्राम बंद करून उघडला.

नाहीच उघडला! एक स्वल्पविराम खाल्ला होता मी. दात-ओठ खात पुन्हा आत गेले. घातला स्वल्पविराम. उघडला. शेवटच्या ओळीत, ‘ह’च्या शेजारी, गुबगुबीत — ‘ळ’!

टॅब बंद पडला तेव्हा मी त्या काचेवर नुसतं डोकं आपटून घेऊ शकत होते. इथे आत जाऊन दुरुस्त करता आलं. कुणाला विचारावं लागलं नाही. दादाला तर नाहीच.

२४ मार्च

बाबांना माउस धरवत नाही, घरंगळतो. म्हणून त्याची दाबायची कळ बाहेर काढली, तारा लांबवल्या, दोन थर फोमच्या मध्ये बसवली आणि वर जाड कॉटनचं कव्हर शिवलं. तळहाताखाली नीट बसेल असं, अंगठ्याला बाक देऊन. नमुना तीनदा कापला. हे काम मात्र मला कुणी शिकवायला नको.

बाबांनी हात ठेवला. दाबलं. टिक. पुन्हा. टिक. चेहरा असा झाला, जणू कुणी दाराची किल्ली हातात दिलीय.

२५ मार्च, बुधवार

बाबा बोलले.

ओळी सरकत होत्या, बाबा दाबत होते, चुकत होते, पुसत होते. मी शेजारी श्वास रोखून. मनात काय काय येत होतं! माझं नाव घेतील. आईची आठवण काढतील. शेवटी बोलायची खूण दाबली त्यांनी, आणि डब्यातला आवाज म्हणाला:

"टीव्ही बंद कर."

बाबांनी पुन्हा सुरू केलं. खूप वेळ लागला.

"आठ महिने डोकं उठलंय."

बंद केला टीव्ही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरजोरात घासली. विरंगुळा म्हणून लावत होते ना मी! कुणासाठी लावत होते?

२७ मार्च

तक्रारी, तक्रारी, तक्रारी! उशी कडक आहे. चहा गुळमट. पाय दाबतेस ते चुकीचं दाबतेस. मोजे काढ. मोजे घाल. पलंग खिडकीकडे कर, भिंत बघून कंटाळलो. आठ महिन्यांची बाकी एकदम वसूल करतायत. एक चांगला शब्द नाही! जीव आटवला ह्यांना बोलतं करायला, आणि बोलतायत काय, तर "भात चिकट झालाय".

पलंग फिरवला. कंबर धरली माझी.

२९ मार्च, रविवार

मी नमुने पोचवून आले तर जिन्यातूनच आवाज. एक मास्तरीणबाईंचा, टिपेचा. एक डब्यातला, सपाट. भांडत होते दोघं! बातमी कसली तरी — पूल बांधायचा की नाही. बाई बोलून थकायच्या, मग वाट बघत बसायच्या, बाबा टिक टिक करत राहायचे, आणि मग यंत्र म्हणायचं, "तुम्हाला हिशेब येत नाही." गणिताच्या मास्तरीणबाईंना! त्या उठून उभ्या राहिल्या!

मी मध्ये पडले. म्हटलं, बाबांना दमवू नका. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच आगंतुक आहे ह्या घरात. मास्तरीणबाई निघताना म्हणाल्या, "माझा मुद्दा राहिलाय. उद्या येते." बाबांचे कान लाल झाले होते. अंगात ताप आलाय की काय म्हणून हात लावून बघितला. ताप नव्हता.

३१ मार्च

दादाचा फोन. महिनाअखेर आली ना! "नवा टॅब बघितलाय." मी म्हटलं, ठेव तुझ्याकडेच. बाबा बोलतात आता. अक्षर अक्षर, मराठीत, ‘ळ’सकट.

मग म्हणाला, "खरंच? काय म्हणाले?"

"रविवारी कळेल तुला. व्हिडिओवर ये. त्यांच्याच तोंडून ऐक, कुठे राहायचंय ते."

आवाज चढला होता माझा. चढू दे! इतके दिवस ह्याच क्षणाची वाट बघतेय. हे सगळं — पेन ड्राइव्ह, वाय-फाय, स्वल्पविराम — कशासाठी केलं? त्याचं थोबाड एकदा बंद व्हावं म्हणून. लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे!

२ एप्रिल, गुरुवार

‘ळ’ मी त्या प्रोग्रामवाल्याला पाठवला होता, मास्तरीणबाईंच्या सांगण्यावरून. आज उत्तर आलं. कोण कुठला माणूस, तोडक्यामोडक्या भाषेत: आभार, चूक माझी होती, पुढच्या आवृत्तीत घालतो, तुमचं नाव लिहू का? मी लिहिलं, नाव नको. मग पाठवायच्या आधी खोडलं आणि लिहिलं, हो, लिहा.

इतक्या दिवसांत पहिला माणूस, ज्याने ‘चूक माझी होती’ म्हटलं.

३ एप्रिल

रविवारची तयारी. प्रोग्राममध्ये तयार वाक्यं साठवता येतात. पहिल्या ओळीत पहिलंच ठेवलं: ‘मला इथेच राहायचं आहे, माझ्या घरात.’ म्हणजे बाबांना दमायला नको. एकदा दाबलं की खेळ खलास.

दाखवलं बाबांना. "रविवारी दादाला हे सांगायचं हं. एकच टिक."

बाबांनी वाचलं. बराच वेळ बघत होते. मग खाली अक्षरांकडे गेले आणि दाबत बसले.

"मी बोलीन."

शाब्बास! म्हटलं, बोला, बाबा, बोला. मी सदरा काढून ठेवलाय, निळा. दाढी मीच करून देईन सकाळी. चांगलं दिसलं पाहिजे दादाला.

४ एप्रिल

उद्या. हातातलं काम होत नाहीये. एक कॉलर उलटी कापली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू मध्ये बोलू नकोस हं उद्या." मी कशाला बोलतेय? बाबाच बोलणार आहेत.

५ एप्रिल, रविवार

तयार वाक्य उजळलं. बाबांनी जाऊ दिलं. मला वाटलं चुकलं. पुन्हा उजळलं, पुन्हा जाऊ दिलं, आणि खाली अक्षरांत गेले. पडद्यावर दादा वाट बघत होता. मी मध्ये बोलले नाही.

"मला तिकडे जायचंय. इथे तू कामात. तिकडे भांडायला माणसं असतील."

दादा जिंकल्यासारखा हसेल असं वाटलं होतं. तो रडत होता.

मी बाबांच्या समोर जाऊन बसले. विचारलं, "कधी?"

"लवकर," बाबा म्हणाले.